कॅमेरा नेमका कोणाचा: सोलापुरातील एका मॉक्युमेंटरी लघुपटाचा प्रकरण अभ्यास

सोलापूर शहराला उजनी धरणातून येणारी जलवाहिनी, भीमेवरील टाकळीचा उपसा आणि हिप्परग्याचा एकरूख तलाव अशा तीन ठिकाणांहून पाणी मिळते. तरीही शहरातील नळाला ते रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. त्यामुळे ‘आज आपल्याकडे पाणी आहे का आणि असेल तर किती वाजता’ हा येथील घराघरातील नित्याचा प्रश्न आहे. शहरातील काही हौशी नाट्यकलावंत आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी मिळून केलेला एक मॉक्युमेंटरी लघुपट, म्हणजे माहितीपटाचे रूप घेतलेली काल्पनिक कथा, याच प्रश्नावर उभा आहे. अशोक चौकापलीकडच्या यंत्रमाग वस्तीत राहणारा एक निवृत्त जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती करणारा कारागीर, नळाच्या पाइपला कान लावून पाणी किती वेळात पोहोचेल हे सांगतो, गल्ली त्याला ‘नळमास्तर’ म्हणते आणि एक माहितीपट करणारे युनिट त्याच्यामागे कॅमेरा घेऊन फिरते, अशी ही कल्पना आहे. नळमास्तर, त्याची सून, शेजारी आणि ते युनिट हे सगळेच काल्पनिक आहे. लघुपटाचा पहिला कट, म्हणजे पहिली संकलित आवृत्ती, १९ मिनिटांची होती आणि अंतिम कट ११ मिनिटांचा आहे. या दोन कटांच्या दरम्यान काय बदलले आणि का बदलले, याची ही नोंद आहे. दुसऱ्या कटाच्या संकलनात माझा सहभाग होता, त्यामुळे काही मतेही ओघाने आली आहेत.

पहिला कट परिचितांच्या एका छोट्या मेळाव्यात दाखवण्यात आला. सुरुवातीच्या दोन मिनिटांत चांगला हशा झाला, त्यानंतर तो विरळ होत गेला आणि शेवटी टाळ्या पडल्या त्या सौजन्याच्या. बाहेर पडताना बहुतेकांनी ‘नाटक छान बसवलंय’ असे सांगितले. ही दाद दिग्दर्शिकेला सुखावणारी वाटली नाही, आणि तिचे बरोबर होते. अभिनय वाईट नव्हता, कल्पनाही फसलेली नव्हती, चित्रीकरण तर हौशी मंडळींच्या मानाने फारच देखणे होते. प्रेक्षकांना जे खटकले ते त्यांना शब्दांत सांगता आले नाही, कारण तो दोष संवादात नव्हता. पडद्यावर दिसणारे चित्र कोणी टिपले, या प्रश्नाला लघुपटाकडे उत्तर नव्हते.

कथापटात हा प्रश्न कोणी विचारत नाही. नायिका एकटी खोलीत रडत असेल तर तेथे कॅमेरा कसा पोहोचला, असे आपल्याला वाटत नाही; कॅमेरा तेथे नाहीच, असे आपण मुकाट मानून चालतो. माहितीपटात मात्र कॅमेरा ही एक वस्तू असते, ती कोणाच्या तरी खांद्यावर असते, तो माणूस कोणाच्या तरी परवानगीने त्या घरात शिरलेला असतो आणि समोरच्या व्यक्तीला त्याचे भान असते. मॉक्युमेंटरी या साऱ्याची नक्कल करते. म्हणून त्या खोट्या युनिटला जे दिसणे शक्य आहे तेवढेच दाखवायचे आणि जे दिसणे शक्य नाही ते हुकलेच पाहिजे, हे या प्रकारातले पहिले बंधन आहे. माझ्या मते बाकीचे सारे संकेत, म्हणजे मुलाखती, नावाच्या पट्ट्या, निवेदन, जुनी छायाचित्रे, हे या एका बंधनातूनच निघतात.

पहिल्या कटातील रात्रीचा प्रसंग या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. नळमास्तर अडीचच्या सुमारास दचकून जागा होतो, अंधारात चपला शोधतो, दार उघडून बाहेर येतो आणि भिंतीलगतच्या पाइपला कान लावतो. हा प्रसंग चार कोनांतून चित्रित झाला होता: उशीवरचा चेहरा, बाहेरून उघडणारे दार, कानाचा क्लोजअप आणि गच्चीवरून दिसणारी निर्मनुष्य गल्ली. चारही शॉट सुंदर होते. परंतु एकच कॅमेरा असलेले आणि त्या वेळी कोणी बोलावलेले नसलेले युनिट दार उघडण्याच्या आधी आत, उघडताना बाहेर आणि लगेच गच्चीवर कसे असेल? प्रेक्षकाने हा हिशेब मनात मांडला असेल असे नाही. पण आपण माहितीपट पाहत आहोत हा त्याचा समज तेथे सैल झाला आणि पुढे नळमास्तर पाइपशी बोलू लागला तेव्हा ते विक्षिप्त माणसाचे वागणे न वाटता नटाचे काम वाटले.

हा प्रसंग पुन्हा चित्रित करताना आधी युनिटची जागा ठरवली गेली. पाणी केव्हा येईल याची खात्री नसल्याने युनिट ओट्यावरच झोपले आहे, असे धरले. दाराची कडी वाजते, कॅमेरा घाईने सुरू होतो, पहिले काही क्षण चित्रात फक्त जमीन, एक पिंप आणि नळमास्तरचे पाय आहेत. फोकस सापडेपर्यंत त्याचा दबलेला आवाज येतो: “ओ मालक, लाइट बंद करा की! हवा येलालीय.” दिवा विझतो, चित्र काळे होते आणि काही सेकंद केवळ आवाज उरतो. प्रसंगातील महत्त्वाची कृती, म्हणजे पाइपला कान लावणे, दिसतच नाही. हे पाहून दिग्दर्शिकेच्या मित्रांपैकी एकाने शॉट वाया गेल्याची तक्रार केली होती. पण अंतिम कटात सर्वांत मोठा हशा याच काळोखात येतो.

यावरून कॅमेरा जितका हलेल तितके खरे वाटेल, असा निष्कर्ष कोणी काढू नये. नवशिक्यांच्या मॉक्युमेंटरीत ही हलवाहलव इतकी सर्रास असते की डोके दुखते. खरा माहितीपट करणारा छायाचित्रकार चित्र शक्य तेवढे स्थिर ठेवण्याचाच प्रयत्न करत असतो. त्याचा कॅमेरा हलतो तो त्याला धावावे लागले, कोणी धक्का दिला किंवा अपेक्षा नसलेल्या दिशेने काही घडले म्हणून. त्यामुळे नव्या चित्रीकरणात मुलाखती ट्रायपॉडवर घेतल्या गेल्या, घरातील दैनंदिन दृश्येही स्थिर ठेवली गेली आणि हातातला कॅमेरा केवळ पाणी येण्याच्या गडबडीसाठी राखला गेला. याच शिस्तीपायी एक संपूर्ण उपकथानकही गळाले. जुळे सोलापुरात राहणारा एक तरुण मोबाइल अॅपवर पाण्याचा अंदाज देतो आणि नळमास्तरचा प्रतिस्पर्धी ठरतो, असे ते कथानक होते. त्यातील विनोद चांगला होता. परंतु एकाच रात्री दोन्हीकडे पाणी येते आणि युनिट दोन्हीकडे हजर असते, हे कशानेच सावरेना. तेव्हा ते काढून टाकणेच इष्ट ठरले.

कॅमेऱ्याकडे कोणी आणि केव्हा पाहायचे, हा प्रश्नही याच कुळातला आहे. पहिल्या कटात जवळजवळ प्रत्येक पात्र विनोदी वाक्यानंतर भिंगात पाहत होते, कारण दूरचित्रवाणीवरील परदेशी विनोदी मालिकांतून हा संकेत सगळ्यांच्या परिचयाचा झालेला आहे. परंतु अशी नजर हे एक भाष्य असते: ‘हे काय चालले आहे ते तुम्हीही पाहत आहात ना’, असे ते पात्र युनिटला विचारत असते. सगळेच तसे विचारू लागले तर विसंगती कोणाच्या बाजूला आहे हे कळेनासे होते. नळमास्तरला कॅमेरा हा आपला सन्मान वाटतो, त्यामुळे तो कॅमेऱ्यासमोर ताठ बसेल, केस नीट करील, पण दाद मागणारी नजर टाकणार नाही. शेजाऱ्यांना त्यात महापालिकेपर्यंत तक्रार पोहोचवण्याची संधी दिसते, म्हणून ते कॅमेऱ्याशी थेट बोलतील. शांतपणे भिंगाकडे पाहण्याचा अधिकार केवळ सुनेला देण्यात आला, आणि तोही मोजक्या वेळा, कारण रात्री उठून प्रत्यक्ष पाणी तीच भरते.

मुलाखतींच्या बाबतीत माहितीपटाचा रूढ संकेत असा की बोलणारी व्यक्ती भिंगाकडे न पाहता भिंगाच्या अगदी शेजारी बसलेल्या मुलाखतकाराकडे पाहते, चौकटीत ती थोडी एका बाजूला असते आणि तिच्या नजरेच्या दिशेला मोकळी जागा सोडलेली असते. प्रश्न संकलनात गाळला जातो, म्हणून उत्तर देणाऱ्याला प्रश्न उत्तरात गुंफून बोलायला सांगतात. हे सारे पाळले गेले. फक्त दोन ठिकाणी प्रश्न मुद्दाम ऐकू येऊ दिला, कारण तेथे प्रश्नच हास्यास्पद आहे. ‘काका, पाण्याला तुमची ओळख पटते का?’ असे मुलाखतकार गंभीरपणे विचारतो, तेव्हा या युनिटलाही स्वतःच्या विषयाचे वेड लागले असल्याचे कळते. खोटे युनिट हे स्वतः एक पात्र असते आणि त्यालाही स्वभाव द्यावा लागतो, ही गोष्ट लेखनाच्या टप्प्यावर बहुधा विसरली जाते.

अधिक कठीण होते ते संवादांचे. कलावंत राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीत तयार झालेले होते. वाक्य पूर्ण करणे, शेवटचा शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचवणे, हशासाठी थांबणे या सवयी त्यांच्या अंगात मुरलेल्या होत्या आणि रंगमंचावर त्या योग्यच आहेत. मुलाखत देणारा सामान्य माणूस मात्र वाक्य अर्धवट सोडतो, मध्येच दुरुस्ती करतो, विचारले त्याऐवजी भलतेच सांगतो. १९८४ साली प्रदर्शित झालेल्या ‘धिस इज स्पायनल टॅप’ या एका काल्पनिक रॉक बँडवरच्या मॉक्युमेंटरी चित्रपटात संवादांचा मोठा भाग कलाकारांनी प्रसंगाच्या आराखड्यावरून तेथल्या तेथे रचलेला आहे, आणि म्हणूनच लेखनाचे श्रेय दिग्दर्शकाबरोबर तिन्ही प्रमुख कलाकारांना दिलेले आहे. सोलापूरच्या गटाने तोच मार्ग थोडा आवरून वापरला. लिहिलेले संवाद बाजूला ठेवून प्रत्येक कलावंताला त्याच्या पात्राला ठाऊक असलेल्या गोष्टींचा एक स्वतंत्र कागद देण्यात आला. सुनेच्या कागदावर असे होते की मागच्या उन्हाळ्यात नळमास्तरचा अंदाज चुकला आणि सबंध गल्ली पहाटेपर्यंत ताटकळली. नळमास्तरच्या कागदावर असे होते की त्या रात्री पाणी वेळेवरच आले होते, मात्र ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आले. शेजाऱ्याला त्या रात्रीचे काहीच आठवत नव्हते, पण तो आठवत असल्यासारखे बोलणार होता. तिघांनी एकमेकांचे कागद पाहिले नव्हते आणि मुलाखती वेगवेगळ्या घेतल्या गेल्या. विनोद कोणा एकाच्या वाक्यात राहिला नाही, तो तीन साक्षींच्या जोडणीत निर्माण झाला. या पद्धतीची किंमत संकलकाला मोजावी लागते. चित्रित झालेले साहित्य कितीतरी पटींनी वाढते आणि ते संपूर्ण ऐकल्याखेरीज कात्री चालवता येत नाही.

भाषेविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. पूर्व भागातील गल्लीत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी सहज ऐकू येतात. केवळ प्रमाण मराठी बोलणारी गल्ली दाखवली असती तर सोलापूरकर प्रेक्षकाने पहिल्याच मिनिटाला मान फिरवली असती. पहिल्या कटात तेलुगू बोलणारी एक शेजारीण बराच वेळ तावातावाने बोलते आणि खाली उपशीर्षक येते, ‘पाणी नाही.’ ही जुनी युक्ती आहे आणि तिच्यावर हसू येते हेही खरे; परंतु ते हसू बोलणाऱ्या बाईच्या भाषेला येते, आणि ज्या शहरात पद्मशाली विणकरांच्या पिढ्या मागावर उभ्या राहिल्या तेथे ते करणे मला अशिष्ट वाटले. अंतिम कटात तिच्या बोलण्याचे उपशीर्षक पूर्ण आणि अचूक आहे: नळमास्तरच्या नादी लागून आपण दोन वेळा रात्रपाळीचा माग बंद ठेवला, असे ती सांगते. शेजारी उभा असलेला नळमास्तर मात्र युनिटला हसतमुखाने सांगतो, “अक्का म्हणत्यात, मास्तरांमुळं सोय झाली.” आता हसू त्याच्यावर येते आणि तेच अभिप्रेत होते.

निवेदनाचा बदल वरवर लहान, पण परिणामाने मोठा ठरला. पहिल्या कटातील निवेदन एका विनोदी नटाने मिश्कील आवाजात केले होते. त्यात ‘काय विचारता महाराजा, नळमास्तरांच्या कानाची कमाल!’ अशी वाक्ये होती. आपल्याकडे माहितीपटाचा आवाज कसा असतो याची एक पक्की स्मृती प्रेक्षकांच्या मनात आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट कित्येक दशके चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी दाखवले जात आणि त्यांतील संथ, खात्रीचा, किंचित सरकारी स्वर पिढ्यांच्या कानांत बसला आहे. मॉक्युमेंटरीला हा स्वर आयता मिळतो. त्यावर डोळा मिचकावला की तो हातचा जातो. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधील एक कुटुंब झाडांवरून स्पॅगेटी (पिठापासून करतात त्या इटालियन शेवया) तोडत असल्याचे दाखवले गेले आणि अनेक प्रेक्षकांनी ते खरे मानले, त्यामागे चित्रांइतकाच रिचर्ड डिंबल्बी या अत्यंत विश्वासार्ह निवेदकाचा गंभीर आवाज होता. सोलापूरच्या लघुपटात नवे निवेदन एका निवृत्त शिक्षकांकडून, बातम्या वाचल्याप्रमाणे, करून घेण्यात आले. त्यातील एक वाक्य असे आहे: ‘पाणी येण्यापूर्वी पाइपमधून हवा बाहेर पडते. तिचा आवाज प्रत्येक गल्लीत वेगळा असतो, असे त्यांचे निरीक्षण आहे.’ पहिले विधान संपूर्ण खरे आहे, नळावर थांबलेल्या प्रत्येकाने ती शीळ ऐकली आहे. दुसरे विधान त्याच्याच आधाराने गळी उतरते.

नावाच्या पट्ट्यांनाही हाच न्याय लावला गेला. ‘जागतिक कीर्तीचे नळश्रवणतज्ज्ञ’ ही पट्टी जाऊन ‘निवृत्त जॉबर’ एवढेच राहिले, सुनेच्या नावाखाली केवळ ‘सून’ आले आणि एका चिडलेल्या गृहस्थांच्या नावाखाली ‘शेजारी, गल्लीचे शेवटचे घर’ असे आले. शेवटच्या घराला दाब किती मिळतो आणि आधीच्या घरांनी नळातून पाणी खेचणारे टिल्लू पंप लावले की काय उरते, हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला अधिक सांगावे लागत नाही. जुन्या छायाचित्रांसाठी कलावंताच्या घरातलेच फोटो वापरले. गिरणीत मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखता ओळखता कान तयार झाला, ही नळमास्तरची पूर्वकथा त्यांवर बेतली. वर्तमानपत्राचे खोटे कात्रण करताना मात्र आधी एका खऱ्या दैनिकाचे शीर्षक वापरले होते, ते काढायला लावले. कोणाच्या तरी नावावर न छापलेला मजकूर दाखवणे योग्य नाही, आणि नुसत्या रकान्याचे पिवळे पडलेले कात्रण तेवढेच काम करते.

तांत्रिक बाजूपैकी ध्वनीनेच खरा त्रास दिला. चालू यंत्रमागाच्या शेडमध्ये छातीवर लावलेला लेपल माईकही निरुपयोगी ठरतो, म्हणून तेथील मुलाखती माग बंद असताना घेऊन मागांचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित केला आणि नंतर हलका करून मिसळला. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू नये यासाठी सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवले. पूरक कॅमेरा म्हणून वापरलेल्या मोबाइलचा फ्रेमवेग बदलता असल्याने वेगळा घेतलेला ध्वनी लांब शॉटमध्ये सरकत होता. ते चित्रण संकलनापूर्वी स्थिर फ्रेमवेगात रूपांतरित करून घ्यावे लागले. नळातील हवेची शीळ मात्र अस्सल आहे, ती दिग्दर्शिकेच्या घरी पाणी येण्याच्या वेळी पाइपला माईक टेकवून घेतली आहे.

संकलनात मुख्य बदल कट कोठे द्यायचा याचा होता. पूर्वी विनोदी वाक्य संपताच कट येत असे. आता उत्तर संपल्यावरही कॅमेरा थांबतो, बोलणारा माणूस आणखी काही विचारले जाईल म्हणून वाट पाहतो, अस्वस्थ होतो आणि न विचारता खरे काय ते बोलून बसतो. पार्श्वसंगीत पूर्ण काढले गेले.

एका बाबतीत गटात मतभेद झाले. पहिल्या कटात घागरी घेऊन धावणाऱ्या बायकांचे खिडकीतून, न विचारता टिपलेले दृश्य होते. त्या खऱ्या शेजारणी होत्या आणि रात्री जागणे हा त्यांच्या बाबतीत विनोद नव्हता. ‘माहितीपटात असे चालते’ हा बचाव येथे लागू पडत नाही, कारण हा माहितीपट नव्हेच. ते दृश्य काढून, त्यांची संमती घेऊन, त्यांच्यासह नव्याने रचले गेले. त्यांतल्या दोघींनी सुचवलेली पिंपांच्या रांगेवरची भांडणे आता लघुपटातील सर्वांत जिवंत भाग आहेत.

दुसरी अडचण कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. रफ कटमधील, म्हणजे कच्च्या जोडणीतील, नळमास्तरच्या मुलाखतीचा एक तुकडा व्हॉट्सअॅपवर फिरला आणि दुसऱ्या प्रभागातील काही मंडळी खरोखरच त्या नटाच्या घरी पाण्याची वेळ विचारायला आली. संपूर्ण लघुपट पाहणाऱ्याला खोटेपणाच्या अनेक खुणा मिळतात; सुटा तुकडा पाहणाऱ्याला एकही मिळत नाही. या प्रकाराची पटवण्याची ताकद कमी लेखू नये: पीटर वॉटकिन्स यांनी ब्रिटनवरील काल्पनिक अणुहल्ल्यावर १९६५ साली केलेला ‘द वॉर गेम’ बीबीसीने त्या वेळी प्रक्षेपित केला नाही, आणि पुढे त्या कल्पित चित्रपटाला माहितीपटासाठीचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. सुरुवातीलाच ‘सर्व पात्रे काल्पनिक’ अशी पाटी लावावी, असे गटातील काहींचे म्हणणे होते. त्याने पहिल्या मिनिटाचा सारा खेळ मोडला असता. शेवटी श्रेयनामावलीत प्रत्येक पात्रासमोर कलावंताचे नाव ठळक द्यायचे, आणि प्रसिद्धीसाठी सुटे तुकडे द्यायचे झाल्यास त्यांवर लघुपटाचे नाव व ‘काल्पनिक’ हा शब्द कोरलेला असावा, असे ठरले.

अंतिम कटातही एक जागा मला अजून पटत नाही. नळमास्तर आपल्या कानाला अधिकृत मान्यता मिळावी म्हणून पाणीपुरवठा कार्यालयात जातो आणि तेथील लिपिक त्याचा अर्ज शांतपणे वाचून, आवक क्रमांक टाकून, ‘यासोबत पाइपची प्रत जोडा’ असे सांगतो. लिपिकाचे काम करणारा नट अप्रतिम आहे आणि प्रेक्षक येथे मनमुराद हसतात. परंतु कोणत्याही कार्यालयात कॅमेरा टेबलापलीकडे, लिपिकाच्या खांद्यामागून अर्ज वाचत उभा राहू देतील असे वाटत नाही. युनिट दारातच अडवले गेले असते आणि हा संवाद अर्ध्या उघड्या दारातून, पाठमोऱ्या नळमास्तरच्या आडून ऐकावा लागला असता. तसे चित्रीकरण करून पाहावे असा माझा आग्रह होता. नटाचा चेहरा हातचा जाईल या कारणाने दिग्दर्शिकेने तो मानला नाही, आणि तो शॉट आहे तसाच राहिला आहे.